प्रश्न वाचकांचे : प्राणी-व्यवस्थापनाचे महाविद्यालयीन शिक्षण

प्राणी-व्यवस्थापन हा विषय महाविद्यालयात शिकू इच्छिणाऱ्या आणि सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांची, तसेच आपल्या मुलांनी तो घ्यावा की नाही या विचारात पडलेल्या पालकांची पत्रे गेल्या काही आठवड्यांत एवढी आली, की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे वाटले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रांचा सारांश दिला आहे.

प्रश्न : मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे. पशुवैद्यकाला प्रवेश मिळण्याइतके गुण पडतील याची खात्री नसल्यामुळे प्राणी-व्यवस्थापनाचा पर्याय सुचवला जात आहे. हा दुय्यम पर्याय समजायचा का? दोन्हींत नेमका फरक काय?

उत्तर : 'पशुवैद्य होता आले नाही म्हणून इकडे आलो' असे सांगणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांतले जे टिकले ते बहुधा पहिल्या वर्षातच हे वाक्य विसरून गेले. पशुवैद्य रोगाचे निदान करतो, औषध लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो. त्याचे शिक्षण आणि त्याची कायदेशीर नोंदणी वेगळी असते, आणि प्राणी-व्यवस्थापनाची पदविका किंवा पदवी घेऊन तो अधिकार मिळत नाही, हे प्रवेशाआधीच स्वच्छ समजून घ्यावे. निवारा, आहार, पाणी, स्वच्छता, प्रजनन, हाताळणी, वाहतूक, वर्तनाचे निरीक्षण आणि या सर्वांच्या नोंदी हे व्यवस्थापकाचे क्षेत्र आहे. म्हणजे प्राणी आजारी नसतो त्या सगळ्या दिवसांची जबाबदारी त्याच्याकडे असते.

या जबाबदारीचे मोल एका उदाहरणावरून कळेल. भक्ष्य म्हणून जगणारे प्राणी आपले दुखणे लपवतात, कारण कळपातला अशक्त प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. सशाचे पाहा. त्याने खाणे थांबवले, की आतड्यांची हालचाल मंदावते आणि अर्ध्या-एका दिवसात प्रकरण जिवावर बेतू शकते. परंतु बाहेरून पाहणाऱ्याला तो नुसता कोपऱ्यात शांत बसलेला दिसतो. कालचे गवत तसेच आहे, लेंड्या नेहमीपेक्षा बारीक आणि थोड्या आहेत, हे रोज त्याच पिंजऱ्यापाशी येणाऱ्या माणसाच्याच लक्षात येऊ शकते. पशुवैद्याच्या हाती प्राणी पोचतो तो अशा कोणाच्या तरी लक्षात आल्यानंतर. ज्याला हे लक्ष ठेवण्याचे काम कमी प्रतीचे वाटते, त्याने या शाखेकडे न वळलेले बरे.

आवडीबद्दल एक सावधगिरीची सूचना करतो. प्राण्याला कुशीत घेणे ही बहुतेक वेळा आपली हौस असते. अनेक जातींना आपला स्पर्श हा त्रास वाटतो आणि त्यांच्यावर माया करायची तर त्यांच्यापासून चार हात दूर राहावे लागते. ही गोष्ट मनाला पटत असेल, तर तुमची आवड या शिक्षणाच्या उपयोगाची आहे.

प्रश्न : मुलाला गणित आणि विज्ञान यांचा कंटाळा आहे, पण प्राण्यांमध्ये तो रमतो. हा अभ्यासक्रम त्याला सोपा जाईल असे आम्ही गृहीत धरले होते. विषयांची यादी पाहून मात्र घाबरलो आहोत. (एक पालक)

उत्तर : आपले गृहीतक चुकीचे होते, परंतु घाबरण्याचे कारण नाही. शरीररचना, शरीरक्रिया, पोषण, आनुवंशिकी, सूक्ष्मजीवशास्त्र आणि थोडे संख्याशास्त्र यांच्यावाचून हा विषय शिकवता येत नाही. फरक इतकाच, की येथे प्रत्येक सूत्राच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत पोट असते, आणि वर्गात न रमणारी मुले पुष्कळदा त्यामुळेच गणिताला लागतात.

दोन नमुने देतो. समजा, मांजराच्या ओल्या खाद्याच्या डब्यावर प्रथिने 9 टक्के व पाणी 80 टक्के असे छापले आहे आणि कोरड्या खाद्याच्या पिशवीवर प्रथिने 27 टक्के व पाणी 10 टक्के. नुसते आकडे वाचणारा कोरड्या खाद्यात तिप्पट प्रथिने आहेत असे म्हणेल. पाणी वजा करून उरलेल्या शुष्क भागावर हिशेब मांडला, तर ओल्या खाद्यात 20 पैकी 9, म्हणजे 45 टक्के, आणि कोरड्यात 90 पैकी 27, म्हणजे 30 टक्के प्रथिने निघतात. निष्कर्ष पार उलटतो. दुसरा नमुना खाद्याच्या मात्रेचा. विश्रांतीच्या अवस्थेत प्राण्याला दिवसाला किती ऊर्जा लागते हे काढताना किलोग्रॅममधील वजनाचा 0.75 हा घात घेऊन त्याला 70 ने गुणतात. 10 किलोच्या कुत्र्याला सुमारे 394 किलोकॅलरी लागतात, तर 20 किलोच्या कुत्र्याला सुमारे 662. वजन दुप्पट झाले म्हणून खाद्य दुप्पट करणारा माणूस मोठा कुत्रा हळूहळू लठ्ठ करत असतो.

पचनसंस्थेचा भाग तर मला स्वतःला या विषयातला सर्वांत रसाळ भाग वाटतो. गाय गवत खाते असे आपण म्हणतो, परंतु खरे पाहता ती आपल्या कोटीपोटातील, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीवांना गवत पुरवते आणि त्यांनी तयार केलेल्या आम्लांवर व शेवटी त्या सूक्ष्मजीवांवरच जगते. म्हणूनच एका रात्रीत तिचा चारा बदलून भरपूर धान्य घातले, तर कोटीपोटात आम्लता वाढून ती आडवी होऊ शकते. घोडाही गवतच खातो, पण त्याच्यात हे आंबवण्याचे काम पोटानंतर, मोठ्या आतड्यात चालते. शिवाय त्याला ओकता येत नाही, त्यामुळे त्याच्या पोटदुखीला, ज्याला कॉलिक म्हणतात, कोणीही अनुभवी माणूस हलक्यात घेत नाही. ससा आपल्याच मऊ लेंड्या पुन्हा खातो आणि त्यातून राहून गेलेली पोषकद्रव्ये मिळवतो; नवख्या माणसाला तो रोग वाटतो. मांजराला टॉरिन हे द्रव्य आहारातूनच मिळावे लागते आणि ते कमी पडले तर डोळ्यांच्या पडद्यावर व हृदयावर परिणाम होतो, म्हणून कुत्र्याचे खाद्य मांजराला वर्षानुवर्षे घालता येत नाही. गिनीपिगला माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. हे सर्व पाठ करण्याची गोष्ट आहे असे आपल्या मुलाला वाटले, तर तो कंटाळेल. एकाच गवताच्या पेंढीकडे गाय, घोडा आणि ससा किती वेगळ्या रीतीने 'पाहतात' हे त्याला दिसले, तर कंटाळणार नाही.

प्रश्न : प्रवेश घेऊन चार महिने झाले. प्रात्यक्षिकाच्या नावाखाली आम्ही फक्त झाडतो, धुतो, भांडी घासतो आणि तक्ते भरतो. मोठ्या प्राण्याला अजून हात लावू दिलेला नाही. आमच्याकडून फुकट काम करून घेतले जात आहे असे वाटते.

उत्तर : आपली शंका सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी खरोखरच विद्यार्थ्यांकडे स्वस्तातले मनुष्यबळ म्हणून पाहिले जाते, आणि ते ओळखण्याची साधी कसोटी अशी, की झाडून झाल्यावर कोणी शिक्षक तुम्हाला 'आज काय दिसले' असे विचारतो का. विचारत असेल, तर तुम्ही शिकत आहात. कोणीच विचारत नसेल, तर तुम्ही विभागप्रमुखांकडे रीतसर तक्रार करावी.

मीही पहिल्या सहामाहीत असाच वैतागलो होतो. एका सकाळी शेळ्यांचा गोठा झाडून बाहेर आलो, तेव्हा आमच्या शिक्षकांनी कोणत्या खणातली विष्ठा पातळ होती असे विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. दोन तास मी नेमके तेच उचलत होतो. त्यानंतर खराटा हातात घेताना माझी दृष्टी बदलली.

झाडलोटीत शिकण्यासारखे जे असते ते असे. विष्ठेचा रंग, घट्टपणा, वास, तीत न पचलेले दाणे किंवा जंत आहेत का, पाणी किती प्यायले गेले, कोणत्या बाजूचे अंथरूण उसकटलेले आहे, कोणत्या गजावर घासल्याच्या खुणा आहेत, हे सर्व त्या प्राण्याने रात्रभर लिहून ठेवलेले पत्र असते. दुसरी गोष्ट निर्जंतुकीकरणाची. जंतुनाशक ओतले म्हणजे जागा स्वच्छ झाली हा सर्वांत रुळलेला गैरसमज आहे. शेण, मूत्र, सांडलेले खाद्य यांच्यापुढे बहुतेक जंतुनाशकांचा जोर ओसरतो, म्हणून आधी घाण काढायची, मग साबणाच्या पाण्याने घासायचे, धुवायचे, पाणी निथळू द्यायचे आणि त्यानंतर सांगितलेल्या प्रमाणात मिसळलेले जंतुनाशक सांगितलेला पूर्ण वेळ पृष्ठभागावर ओले राहू द्यायचे. शिंपडून लगेच पुसणाऱ्याने द्रावणही वाया घालवले आणि वेळही. कुत्र्यांच्या पार्व्होचा विषाणू वातावरणात कित्येक महिने तग धरतो आणि नेहमीच्या वापरातील काही जंतुनाशकांना तो दाद देत नाही, म्हणून कोणते द्रावण कशावर चालते हेही पाठ नव्हे तर समजून घ्यावे लागते. कामाचा क्रमही ठरलेला असतो: आधी पिल्ले आणि निरोगी प्राणी, मग इतर, आणि सर्वांत शेवटी आजारी व विलगीकरणातले. उलट्या क्रमाने फिरलेला माणूस आपल्या बुटांवरून रोग वाटत जातो.

आणि एवढे सगळे शिकल्यावर पुढच्या पाठात उलटेच सांगितले जाते, की फार स्वच्छता करू नका. उंदरांचे जग वासावर चालते. पिंजरा बदलताना त्यांचे सगळे घरटे काढून टाकले, तर ओळखीचा वास नाहीसा होऊन नरांमध्ये मारामाऱ्या वाढतात. म्हणून जुन्या घरट्यातला थोडा कापूस किंवा कागद मुद्दाम नव्या पिंजऱ्यात ठेवतात. कोठे किती स्वच्छ करायचे हा निर्णय घेता येणे म्हणजे व्यवस्थापन, आणि तो निर्णय झाडल्याशिवाय घेता येत नाही.

प्रश्न : निरीक्षणवहीत मी 'कुत्रा रुसला', 'माकडीण चिडली' असे लिहिले, ते शिक्षिकेने तांबड्या शाईने खोडले. प्राण्यांना भावना नसतात असे त्यांचे म्हणणे आहे का?

उत्तर : त्यांचे तसे म्हणणे नसावे. तुम्ही पाहिले काय आणि त्यावरून समजलात काय, या दोन गोष्टी एकाच शब्दात बांधल्यात, म्हणून तो शब्द खोडला गेला असावा.

या बाबतीत विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये गाजलेल्या एका घोड्याची हकीकत प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवी. त्याचे नाव हान्स. बेरीज-वजाबाकीचे उत्तर तो खूर आपटून देत असे. त्याचा मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन निवृत्त गणितशिक्षक होता आणि त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. 1904 साली नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळालाही लबाडी आढळली नाही. पुढे ओस्कार फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने साधे पण चतुर प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याच्या नजरेआड उभा असेल, तर हान्सची उत्तरे चुकू लागत. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या नकळत त्याच्या डोक्याची व चेहऱ्याची अत्यंत सूक्ष्म हालचाल होत असे आणि घोडा ती टिपून थांबत असे. फुंग्स्टचे हे काम 1907 साली पुढे आले. घोडा मूर्ख होता असा याचा अर्थ काढू नये. माणसाच्या चेहऱ्यावरची स्वतः माणसालाही न कळणारी हालचाल ओळखणे ही केवढी मोठी कुवत आहे! सगळे मात्र त्याच्यात गणित शोधत होते, त्यामुळे त्याला खरोखर येत असलेली गोष्ट कोणाला दिसली नाही. तुमच्या 'रुसला' या शब्दाने हाच धोका संभवतो.

घरातल्या कुत्र्याच्या 'अपराधी' चेहऱ्याचेही असेच झाले आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की तो खाली मान घातलेला चेहरा कुत्र्याने खरोखर चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसे, आणि काहीही न केलेल्या कुत्र्याच्या चेहऱ्यावर तो उलट अधिक ठळक दिसे.

मग वहीत लिहायचे कसे? आधी वर्तनसूची तयार करतात, म्हणजे त्या जातीच्या प्रत्येक हालचालीला नाव आणि व्याख्या देतात: 'कान मागे, शेपूट पोटाखाली, नजर दुसरीकडे, सात सेकंद'. मग ठरावीक वेळाने सर्व गटावर नजर टाकून नोंद करायची, की एकाच प्राण्यावर सलग लक्ष ठेवायचे, हे निश्चित करतात. नोंद घेण्याच्या या पद्धतींची शिस्तशीर मांडणी जीन ऑल्टमन यांनी 1974 साली केली आणि ती आजही शिकवली जाते. असे पुरेसे निरीक्षण जमा झाल्यावर भावनेविषयी बोलण्यास कोणाची हरकत नसते. उंदरांच्या वेदना मोजण्यासाठी 2010 साली तयार झालेली मोजपट्टी तर त्यांच्या चेहऱ्यावरच आधारलेली आहे: डोळे मिटून घेणे, नाक व गाल फुगणे, कानांची आणि मिशांची ठेवण बदलणे. तेथे वेदना हा शब्द वापरला जातो, कारण त्यामागे पाहिलेली व मोजलेली लक्षणे उभी असतात. तुमची माकडीण खरोखर चिडली असेलही. तिने काय केले ते लिहा. शिक्षिका खोडणार नाहीत.

प्रश्न : मला मोठ्या जनावरांची भीती वाटते. एकदा कुत्राही चावला आहे. ही भीती गेल्याशिवाय हा अभ्यासक्रम करता येईल का?

उत्तर : करता येईल. मला तर अजिबात न भिणाऱ्या विद्यार्थ्याचीच अधिक काळजी वाटते. भीतीचे रूपांतर माहितीत करता येते, आणि हाताळणीच्या तासांना तेच चालते. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला मान न वळवता जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते, परंतु अगदी पाठीमागचा पट्टा तिला दिसत नाही. तेथून अचानक हात लावला, तर ती लाथ मारणारच. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य वर्तुळ असते; आपण त्यात शिरलो की ते सरकते, बाहेर आलो की थांबते. त्याच्या खांद्याच्या रेषेमागून आत शिरलो तर ते पुढे जाते आणि खांद्याच्या पुढून शिरलो तर मागे हटते. हे एकदा अंगवळणी पडले, की काठी आणि आरडाओरडा यांची गरज उरत नाही. घोड्याजवळ बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने जावे. सशाला उचलताना मागचे पाय तळहाताने सावरावेत, कारण त्याने हवेत जोराची लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. लहान प्राण्याच्या बाबतीत भीती बाळगायची ती त्याच्यासाठी.

कुत्रा चावण्यापूर्वी बहुधा बरेच काही सांगून झालेला असतो: ओठ चाटतो, जांभई देतो, तोंड फिरवतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचे पांढरे दाखवतो. शेपूट हलते म्हणजे तो खूश आहे, असे नेहमी नसते. तरीही चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. प्रवेश घेताच धनुर्वाताची लस आणि आवश्यक तेथे रेबीजची प्रतिबंधक लस याविषयी विचारून घ्यावे. गजकर्ण, लेप्टोस्पायरोसिस, सरपटणाऱ्या प्राण्यांकडून येणारा साल्मोनेला, पोपटवर्गीय पक्ष्यांकडून येणारा सिटाकोसिस हे सर्व प्राण्यांकडून माणसाला होणारे आजार आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांपासून बचावाची सुरुवात हात धुण्याने होते.

प्रश्न : मला पुढे फक्त घोड्यांसोबत काम करायचे आहे. मासे, सरडे, कासवे यांचा अभ्यास सक्तीचा का?

उत्तर : कारण चुकीच्या व्यवस्थेचा परिणाम ते उघडपणे दाखवतात. माशांच्या टाकीतला अमोनिया एका प्रकारचे जीवाणू नायट्राइटमध्ये आणि दुसरे नायट्रेटमध्ये बदलतात. हे जीवाणू वाढण्याआधीच टाकी माशांनी भरली, तर विषारी अमोनिया साचून मासे मरतात. बंदिस्त जागेतल्या सरड्याला योग्य अतिनील प्रकाश मिळाला नाही, तर त्याला ड जीवनसत्त्व बनवता येत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे वाकतात. प्राण्याभोवतीची हवा, पाणी, उष्णता आणि प्रकाश हेही त्याच्या शरीराचेच भाग मानून चालावे लागते, हे येथे जितके लवकर कळते तितके तबेल्यात कळत नाही. कोंदट तबेल्यातल्या अमोनियाने घोड्याचीही श्वसननलिका बिघडतेच. फक्त ती हळूहळू बिघडते.

प्रश्न : प्राण्यांना बंदिस्त ठेवणेच मला पटत नाही. तरीही त्यांच्यासाठी काही करावे म्हणून हा विषय घेतला. प्राणिसंग्रहालय, प्रयोगशाळा, मोठे पशुपालन केंद्र यांविषयीचे धडे वाचताना अपराधी वाटते. माझी निवड चुकली का?

उत्तर : या सदराला आलेल्या पत्रांत मला हे पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले. तुम्हाला जी बोच लागली आहे, तिच्यातूनच या विद्याशाखेचा बराच भाग उभा राहिला आहे. बंदिस्त पशुपालनाविषयी लोकांत अस्वस्थता वाढल्यावर ब्रिटनमध्ये नेमलेल्या ब्रँबेल समितीने 1965 साली अहवाल दिला. त्यात मागणे किती साधे होते पाहा: प्राण्याला उभे राहता यावे, बसता यावे, वळता यावे, अंग चाटून स्वच्छ करता यावे आणि हातपाय ताणता यावेत. एवढ्यासाठी समिती नेमावी लागली, यातच त्या काळच्या गोठ्यांची स्थिती कळते. 1979 साली तेथील पशुकल्याण परिषदेने त्यावरून पाच स्वातंत्र्ये मांडली: भूक व तहान यांपासून मुक्ती, गैरसोयीपासून मुक्ती, वेदना, इजा व रोग यांपासून मुक्ती, स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, आणि भय व क्लेश यांपासून मुक्ती. 1994 साली मेलर आणि रीड यांनी प्राण्याची स्थिती तपासण्याची 'पाच क्षेत्रे' ही पद्धत आणली, आणि पुढे ती वाढत गेल्यावर प्राण्याला त्रास नाही एवढ्यावर न थांबता त्याला काही सुखाचे अनुभव मिळतात का, हाही प्रश्न विचारला जाऊ लागला. प्रयोगशाळेतील प्राण्यांसाठी रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्येच तीन तत्त्वे सांगितली होती: जेथे शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरणे, प्राण्यांची संख्या कमी करणे आणि त्यांचा त्रास कमी होईल अशी पद्धत सुधारणे. ज्यांना ही बोच लागली त्यांनीच हे नियम घडवले.

प्राणिसंग्रहालयांविषयी माझे मत सरसकट अनुकूल नाही. पिंजऱ्यात एकाच वाटेने तासन्‌तास येरझारा घालणारा प्राणी पाहून प्रेक्षक त्याला चपळ समजत असतील, तर ते संग्रहालय काहीही शिकवत नाही. अन्न लपवून ठेवणे, चढण्या-खणण्याची सोय करणे, नवे वास आणून ठेवणे अशा उपायांनी हे एकसुरी वर्तन कमी होते. परंतु मुळात जागाच अपुरी असेल, तर पिंजऱ्यात चेंडू टाकून आपले समाधान करून घेऊ नये.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अरबी ओरिक्स हा हरणासारखा वाळवंटी प्राणी 1972 सालापर्यंत रानातून नाहीसा झाला होता. बंदिवासात वाढवलेला कळप 1982 साली ओमानच्या वाळवंटात सोडला गेला आणि त्याची संख्या वाढली. पुढे चोरट्या शिकारीने तेथला कळप पुन्हा घटला, राखीव क्षेत्र फारच आक्रसले आणि 2007 साली ते जागतिक वारशाच्या यादीतूनही काढले गेले. इतर देशांतल्या प्रयत्नांमुळे ही जात मात्र टिकून आहे. कॅलिफोर्नियातील काँडोर या गिधाडवर्गीय पक्ष्याचे 1987 साली जगात केवळ 27 पक्षी उरले होते आणि ते सर्वच्या सर्व बंदिवासात होते. त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांनी माणसालाच आईबाप समजू नये म्हणून प्रौढ काँडोरच्या डोक्यासारखी बाहुली हातावर चढवून त्यांना भरवले गेले. कोणाची जोडी कोणाशी लावायची हे वंशावळीच्या नोंदवह्या पाहून ठरवले गेले, कारण इतक्या थोड्या पक्ष्यांत रक्ताच्या नात्यातली जोडी लागणे फार सोपे असते. भरवणे, नोंदणे आणि जोडी लावणे ही तिन्ही कामे तुमच्या अभ्यासक्रमात आहेत.

तुमची निवड चुकली असे मला वाटत नाही. मात्र एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. असाध्य वेदना असलेल्या प्राण्याला शांतपणे मरण देण्याचा निर्णय होताना आणि तो अमलात येताना तुम्ही तेथे असाल, त्याला धरून ठेवण्याचे काम कदाचित तुमच्याकडेच येईल, आणि त्या रात्री घरी आल्यावर कोणाशी तरी बोलावेसे वाटेल. चांगल्या संस्थांत त्यासाठी वेळ व माणूस दिलेला असतो; नसेल, तर तुम्ही तो मागून घ्यावा.

प्रश्न : दोन-तीन संस्थांची माहितीपत्रके पाहिली. सगळ्यांतच हिरवीगार छायाचित्रे आणि आनंदी विद्यार्थी आहेत. निवड कशावरून करायची, आणि पुढे कामे कोणती मिळतात?

उत्तर : कामांचे थोडक्यात सांगतो: पशुपालन केंद्रे, तबेले, प्राणिसंग्रहालये, बचाव व निवारा केंद्रे, प्रयोगशाळांतील प्राणिगृहे, कुत्र्यांचे प्रशिक्षण, पशुखाद्य व्यवसाय, वन्यजीव पुनर्वसन आणि प्राणिकल्याणाची तपासणी. सुरुवातीचे वेतन बहुतेक ठिकाणी मोठे नसते आणि सुट्या ठरलेल्या नसतात, कारण भूक सुटी घेत नाही. पुढील पदवीसाठी हे शिक्षण कोठे आणि किती ग्राह्य धरले जाते, हे त्या त्या विद्यापीठाकडून लेखी घ्यावे.

संस्था निवडण्यासाठी छायाचित्रे बाजूला ठेवून स्वतः तेथे जावे, आणि शक्य असेल तर न कळवता जावे. आठवड्यात प्रात्यक्षिकाचे तास किती, एका प्राण्यामागे विद्यार्थी किती, एकच ससा दिवसात किती जणांच्या हातून जातो आणि त्याला विश्रांती केव्हा मिळते, नव्या प्राण्याला किती दिवस वेगळे ठेवतात, पशुवैद्य किती वेळा येतो, म्हाताऱ्या झालेल्या प्राण्यांचे पुढे काय होते, हे विचारावे. उत्तर देणारा अडखळला तरी चालेल, चिडला तर समजून घ्यावे. पाण्याच्या भांड्यांच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून पाहावे. मग रोजची नोंदवही मागावी आणि तीत गेल्या दोन महिन्यांतली रविवारची व सणासुदीच्या दिवसांची पाने उघडावीत. त्या पानांवरही खाद्य, पाणी, विष्ठा आणि वर्तन यांच्या नोंदी वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, वेगवेगळ्या शाईत आणि एखाददुसऱ्या खाडाखोडीसह असतील, तर अर्ज भरावा. सगळी पाने एकाच शाईत, एकाच दमात आणि 'सर्व ठीक' एवढेच लिहून भरलेली दिसली, तर दुसरी संस्था पाहावी.